लिनक्स टाकायचंय: डिस्कच्या वाटण्या कशा कराव्यात?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी,
माझा लॅपटॉप आठ वर्षांचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ह्या प्रोसेसरवर चढत नाही. भाच्यानं पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (लिनक्सचं एक रूप) करून दिलंय. पेनड्राइव्हवरूनच दोन दिवस चालवून बघितलं. वायफाय, प्रिंटर, आवाज, सगळं बिनबोभाट चाललं. पण विंडोज पूर्ण काढता येत नाही. माझं काम डीटीपीचं. वीस वर्षांचे दिवाळी अंक, लग्नपत्रिका, गणेश मंडळांचे अहवाल, सगळं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत अडकलंय आणि ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी नांदवायचं आहे.
रॅम ८ जीबी, एसएसडी ५१२ जीबी (दाखवतो मात्र ४७६, हे काय गौडबंगाल?).
इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’वर (डिस्कचे विभाग हातानं करायची वाट) क्लिक केलं आणि तिथंच थबकलो. इंटरनेटवर वाचावं तर कुणी म्हणतं रूटला (यंत्रणा बसते तो मुख्य विभाग) २० जीबी द्या, कुणी ५०, कुणी १००. वर /होम (आपल्या फायली), /बूट (मशीन सुरू करायच्या फायली), /व्हार (लॉग म्हणजे नोंदी वगैरे), /टीएमपी (तात्पुरत्या फायली), स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा). सहा भाऊ आणि वावर एक! कुणाला किती द्यायचं? एकदा बांध घातला की हलवता येत नाही म्हणतात, म्हणून हात चालेना.

वांगेभरीत
सगळं एका रूटमध्ये टाका आणि निवांत झोपा.

दुपारचा_चहा
४७६ चं गौडबंगाल: डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. ५१२ चे ४७६ होतात. कुणी काही चोरलेलं नाही.

कर्नल_साहेब
(लष्कराशी संबंध नाही, लिनक्सच्या कर्नलवरून, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यावरून, नाव घेतलंय. दर धाग्यात सांगावं लागतं.)
वांगेभरीत यांच्याशी असहमत. /होम वेगळं ठेवा. २००९ पासून माझं /होम वेगळं आहे. तेव्हा उबुंटूवाले घरपोच फुकट सीडी पाठवायचे, त्या सीडीवरून पहिल्यांदा टाकलं होतं. पुढं उबुंटूवरून डेबियन, डेबियनवरून मिंट (सगळी लिनक्सचीच रूपं), आणि दोनदा माझ्याच प्रतापांमुळे पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी रूट पुसलं, /होमला हात लावला नाही. फोटो, गाणी, फायरफॉक्सच्या खुणा, सगळं जागच्या जागी.
दोन गोष्टी मात्र डोळ्यात तेल घालून बघायच्या. पुन्हा टाकताना /होमसमोरच्या ‘फॉरमॅट’च्या चौकटीत खूण करायची नाही. आणि वापरकर्त्याचं नाव तेच द्यायचं, नाहीतर तुम्ही नव्या रिकाम्या खोलीत आणि सामान शेजारच्या खोलीत.
रूटला ३० जीबी पुष्कळ होतात.

खटपट्या
कर्नलसाहेब, “३० पुष्कळ” हे वाक्य २००९ सालचं आहे. माझंही मत तेच होतं, म्हणून रूटला २५ दिले. ऐका पुढं काय झालं ते.
एका रविवारी सकाळी लॅपटॉप चालू केला. पासवर्ड टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पासवर्ड मागायला लागला. परत टाकला, परत तेच. मला वाटलं बायकोनं पासवर्ड बदलला. तिला विचारलं, तर ती म्हणाली, “तुझ्या त्या पेंग्विनला मी हातही लावत नाही.” शेवटी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर शिरलो, मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ -एच’ ही आज्ञा मारली (मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही टर्मिनलमध्ये रोमनमध्येच लिहा) आणि रूटसमोर लिहिलेलं दिसलं १०० टक्के. मोकळी जागा शून्य. आत आल्यावर त्याला छोट्या छोट्या फायली लिहायच्या असतात. त्याच लिहिता येईनात म्हणून मला परत दारात.
जागा खाल्ली कुणी? टाइमशिफ्ट, यंत्रणेच्या प्रती (स्नॅपशॉट) काढून ठेवणारा प्रोग्रॅम. मीच मोठ्या हौसेनं रोजची स्नॅपशॉट लावली होती आणि ठेवायची कुठं हे विचारल्यावर आहे तेच रूट निवडून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ केलं. पहिली प्रत म्हणजे जवळजवळ अख्खी यंत्रणाच पुन्हा लिहिली जाते. उरलेली जागा फ्लॅटपॅकनं (ॲप टाकायची एक पद्धत) संपवली. दोन-तीन ॲप घेतली की त्यांच्या खालचा डोलाराच काही जीबींचा. आणि तो राहतो /व्हार/लिब/फ्लॅटपॅकमध्ये, म्हणजे रूटमध्येच. शेजारी माझ्या /होममध्ये १८० जीबी मोकळे पडलेले, पण भिंत मधे!

वांगेभरीत
म्हणून म्हणतो, सगळं एकात टाका.

कर्नल_साहेब
@खटपट्या, चूक भिंतीची नाही, टाइमशिफ्टची. पण बरं, आज चालू मशीनवर बघितलं: माझ्या रूटमध्ये २३ जीबी वापरात आहेत, फ्लॅटपॅक धरून. ३० हा आकडा मागे घेतो. ६० ते ८० म्हणतो.

दुपारचा_चहा
मिंटच्या स्वतःच्या पानावर किमान २० आणि आरामात वापरायला १०० जीबी लिहिलंय. किमान म्हणजे पाव्हण्यांना जेमतेम चटई अंथरता येईल एवढं.

गाभारा
सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटाचा धंदा आहे, म्हणून थोडं विस्तारानं.
ती सहा-सात विभागांची यादी सर्व्हरच्या जगातून आलीय. तिथं तिला अर्थ आहे. आमच्याकडे एका रात्री एक प्रोग्रॅम बिघडला आणि दर सेकंदाला तीच चूक लॉगमध्ये लिहीत सुटला. सकाळपर्यंत /व्हार ठासून भरलं. पण /व्हार वेगळं होतं म्हणून रूट शाबूत, मशीन जिवंत, दुरून लॉगिन होता आलं. ते एकाच विभागात असतं तर रात्री तीन वाजता मला गाडी काढायला लागली असती.
घरच्या लॅपटॉपवर हे कशाला? सिस्टिमडीचं जर्नल (यंत्रणेच्या लॉगची वही) मुळातच विभागाच्या १० टक्क्यांपुढे जात नाही, आणि विभाग कितीही मोठा असला तरी ४ जीबीला थांबतं. लग्नघरच्या आचाऱ्याचा हंडा दोघांच्या पिठलंभाताला चुलीवर चढवू नये. /व्हार नको, /टीएमपी नको. /बूटही वेगळं नको, फक्त डिस्क कूटबद्ध करणार असाल तर लागतं, तेव्हा १ जीबी द्या. कमी दिलंत तर जुनी कर्नल साठून ते भरतं आणि अपडेट मधेच अडतं.
आणि वाटण्यांची एवढी धास्ती असेल तर एलव्हीएम वापरा. सगळी जागा एका सामाईक कोठारात, त्यातून लागेल तसं देत जायचं, थोडं राखून ठेवायचं. वाढवायचं झालं तर मशीन बंदही करावं लागत नाही.

पाटीपेन्सिल
गाभारा, एलव्हीएम ‘समथिंग एल्स’मध्ये दिसलं नाही.

गाभारा
मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये ते ‘सगळी डिस्क पुसा’ ह्या वाटेनं सरळ मिळतं. विंडोज शेजारी ठेवून करायचं तर हातानं खटाटोप आहे. तुमच्यासाठी मागे घेतो.

नवखा_नागपूरकर
अन् स्वॅपचं काय? आमच्या सरांनी शिकवलं होतं, रॅमच्या दुप्पट. माझ्याकडे ३२ जीबी रॅम आहे, तर ६४ देऊ का भाऊ? एवढ्यात तर एक अख्खा गेम बसते.

जुनं_खोड
तो नियम माझ्या जमान्याचा. साल २०००, रॅम ६४ एमबी, स्वॅप १२८ एमबी. नेटस्केप उघडला की डिस्क करकरायची आणि आम्ही चहा प्यायला जायचो. तेव्हा दुप्पट खरंच लागायचं.
तेव्हाच्या वाटण्या म्हणजे आणखी गंमत. पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची, ती मित्रांत फिरायची. माझी डिस्क १० जीबीची, त्यातले पुढचे साडेआठ विंडोज ९८ नं बळकावलेले, म्हणून लिनक्स शेपटाला टाकलं. मशीन सुरू केलं तर पडद्यावर दोनच अक्षरं: ‘एल आय’. आणि ठप्प. लिलो नावाचा बूटलोडर (यंत्रणा सुरू करून देणारा प्रोग्रॅम) होता. एल-आय-एल-ओ चारही अक्षरं उमटली तर गाडी सुटली, मधेच थांबली तर कितव्या अक्षरावर थांबली त्यावरून रोग ओळखायचा. माझा रोग १०२४ सिलिंडरचा (डिस्कवरच्या पट्ट्यांचे गट) निघाला. जुन्या बायोसला (मशीन जागं करणारा मूळ प्रोग्रॅम) पहिल्या साधारण ८.४ जीबींच्या पलीकडचं दिसायचंच नाही. म्हणून /बूटचा छोटा तुकडा डिस्कच्या तोंडाशी ठेवायचा. तो रोग कधीच बरा झाला, पण पथ्य लोक अजून पाळतात. तुमच्या यादीतलं /बूट असंच आलंय.

अटकेपार
जुनं_खोड यांच्या पथ्यात माझीही भर. /यूएसआर (प्रोग्रॅम राहतात ती जागा) वेगळं का, हे ठाऊक आहे का? १९७१ च्या सुमारास केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या पीडीपी-११ संगणकावर त्यांचं युनिक्स (लिनक्सचा पूर्वज) एवढं फुगलं की पहिल्या डिस्कवर मावेना. दुसऱ्या डिस्कवर लोकांच्या फायली होत्या, म्हणून तिचं नाव ‘यूएसआर’, यूझरवरून. उरलेले प्रोग्रॅम तिथं सरकवले. पुढं लोकांच्या फायली तिसरीकडे गेल्या, नाव मात्र तिथंच राहिलं. जागा संपली म्हणून केलेली सोय, आणि आम्ही पन्नास वर्षं तिची कारणं शोधतोय.
इथं जर्मनीत बाहेर बर्फ पडतोय, म्हणून एवढं लिहिलं. स्वॅपबद्दल: हायबरनेट करायचं असेल तरच रॅमएवढा स्वॅप हवा, कारण रॅममधलं सगळं तिथं उतरवून ठेवायचं असतं. नाहीतर ८ जीबी रॅमला २ ते ४ जीबी पुरे, तोही विभाग नको, फाइल करा. उबुंटू १७.०४ पासून स्वॅप फाइलच करतं. फाइल लहानमोठी करायला कुणाचा बांध रेटावा लागत नाही.

नवखा_नागपूरकर
मंग फेडोरात (हे बी लिनक्सच) मले स्वॅपचा विभाग दिसूनच नाही राहिला, अन् स्वॅप तर ८ जीबी दाखवते!

अटकेपार
तो झेडरॅम. रॅममध्येच दाबून ठेवतो, डिस्कला शिवत नाही. फेडोरा ३३ पासून तसं आहे. त्याच आवृत्तीपासून डेस्कटॉपवर बीटीआरएफएसही (फायली साठवायची एक पद्धत) आलं: रूट आणि होम नावाला वेगळे, जागा सामाईक. चूल वेगळी, कणगी एक.

वांगेभरीत
म्हणजे सगळं एकात. मी काही बोललो की लोक हसतात.

मेघना_के
आकड्यांवर चर्चा चाललीय म्हणून: जागा शिल्लक असूनही डिस्क ‘भरते’ हे माहीत असू द्या. आमच्या एका छोट्या सर्व्हरवर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ यायला लागलं. ‘डीएफ’ बघितलं तर ४० टक्के रिकामं. दीड तास मी डिस्क खराब म्हणून दुसरी शोधत होते. मग कुणीतरी सांगितलं, ‘डीएफ -आय’ मारून बघ. आयनोड संपले होते! ईएक्सटी४ (लिनक्सची फायली साठवायची नेहमीची पद्धत) मध्ये दर १६ केबीमागे एक आयनोड असा हिशोब विभाग बनवतानाच ठरतो, २० जीबीला साधारण १३ लाख. प्रत्येक फाइल एक आयनोड खाते, मग ती एका ओळीची का असेना. एका वेबसाइटच्या सेशन फायली कुणी पुसतच नव्हतं. वह्या कोऱ्या होत्या, अनुक्रमणिका भरली होती. आणि ही अनुक्रमणिका नंतर वाढवता येत नाही. विभाग वाढवला तरच वाढते.
घरी सहसा असं होत नाही. पण लहान लहान विभाग करणाऱ्यांना आधी होतं.

खटपट्या
आणखी एक, बऱ्याच जणांना माहीत नसतं. ईएक्सटी४ पाच टक्के जागा ‘रूट’ नावाच्या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवतं. रूट विभागात ते बरंच आहे, माझ्यासारखी वेळ आली की तेवढीच हवा मिळते. पण १६० जीबीच्या /होममध्ये ८ जीबी कुलूपबंद कशाला? ‘ट्यून२एफएस -एम १’ त्या विभागावर चालवा, टक्का एकवर येतो. आतल्या फायलींना धक्का नाही.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार, पण गाडी पहिल्याच फाटकाला अडलीय. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह ‘श्रिंक’ (लहान) करायला गेलो. ४७६ पैकी वापरात १३० सुद्धा नाहीत आणि तो म्हणतो जास्तीत जास्त ४१ जीबी सोडीन. भाडेकरूसुद्धा एवढा चिवट नसतो.

दुपारचा_चहा
मधे कुठंतरी न हलणाऱ्या फायली बसल्यात. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल (विंडोजचा स्वॅप) आणि सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती. विंडोजचं श्रिंक त्यांना ओलांडत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’. पेजफाइल तात्पुरती बंद, रिस्टोअर बंद, मशीन रीस्टार्ट, मग पुन्हा श्रिंक. नंतर पेजफाइल आठवणीनं चालू करा.
आणि त्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (विंडोजची डिस्क कूटबद्ध करायची सोय) चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बूटमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं, आणि तेव्हा ती त्याच लॅपटॉपमध्ये असून उपयोग नाही.

गाभारा
त्याच्याही आधी: वीस वर्षांच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्यात का? घेतल्या नसतील तर धागा बंद करा आणि आधी ते करा. विभाग सरकवताना वीज गेली तर आमच्यापैकी कुणीही धावून येणार नाही.

पाटीपेन्सिल
घेतल्या. दोन डिस्कवर. एक मेहुण्याकडे आहे.

कर्नल_साहेब
शाब्बास. आता विंडोजला २०० ठेवा, तुमच्याकडे २७५ च्या आसपास उरतील. माझी वाटणी अशी: रूट ८०, त्याला लागून ३५ मोकळे सोडायचे, शेवटी /होम १६०. स्वॅप विभाग नाही. इन्स्टॉलर स्वतः फाइल करतो.
मोकळी जागा मधे का? ईएक्सटी४ उजवीकडे वाढवणं सोपं असतं. डावीकडे वाढवायचं तर सगळा विदा उचलून सरकवावा लागतो, तासन् तास जातात आणि जीव टांगणीला. म्हणून ज्याला पुढं जागा लागायची शक्यता जास्त, त्याच्या उजव्या हाताला पडीक रान ठेवायचं. इन्स्टॉलरमध्ये /होम करताना ‘एंड ऑफ धिस स्पेस’ निवडलंत की ते आपोआप शेवटी जाऊन बसतं.
ईएफआय विभाग (मशीन सुरू करायच्या फायलींचा) विंडोजनं आधीच केलेला असतो, बहुधा १०० एमबीचा. तोच वापरा, फॉरमॅट करू नका. मिंटची कर्नल रूटमधल्या /बूटमध्ये राहतात, ईएफआयमध्ये जेमतेम काही एमबी जातात. पॉप ओएससारखं, कर्नल तिथंच ठेवणारं काही टाकणार असाल तर मात्र १०० पुरत नाहीत.

वांगेभरीत
३५ जीबी पडीक ठेवणं हे शेतकऱ्याच्या पोराला बघवत नाही.

जुनं_खोड
पडीक नाही हो, गायरान.

पाटीपेन्सिल
(तीन आठवड्यांनी)
उशीर झाला, लग्नसराई होती. पेजफाइल आणि हायबरनेशन बंद केल्यावर श्रिंकनं २९० पर्यंत तयारी दाखवली, मी २७५ घेतले. कर्नलसाहेबांचीच वाटणी केली. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबण्याआधी विभागांच्या यादीचा मोबाइलवर फोटो काढला आणि भाच्याला पाठवला. तो म्हणाला, “मामा, दाबा आता.” वीस मिनिटांत झालं. दोन्ही उघडतात.
आत्ता रूटमध्ये १९ जीबी वापरात, /होममध्ये ११. टाइमशिफ्ट खटपट्या यांचं वाचून आठवड्याला एक आणि जास्तीत जास्त दोन प्रती, एवढंच लावलंय.
एक घोळ मात्र झाला. लिनक्समधून सी ड्राइव्हवरच्या फायली उघडतात, पण गेल्या सोमवारपासून तिथं काही साठवता येत नाही, ‘फक्त वाचनासाठी’ म्हणतो. त्याआधी आठवडाभर साठवत होतो. हा कुणाचा बांध?

दुपारचा_चहा
श्रिंक झाल्यावर हायबरनेशन परत चालू केलंत का?

पाटीपेन्सिल
रविवारी केलं. लॅपटॉप झाकला की काम जिथल्या तिथं राहावं म्हणून.

दुपारचा_चहा
सापडला. त्याच्याबरोबर फास्ट स्टार्टअपही परत आलं. आता तुम्ही विंडोज ‘शटडाउन’ करता तेव्हा ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि सी ड्राइव्ह अर्धवट उघडा ठेवतं. लिनक्सला ते कळतं, म्हणून तो लिहायला नकार देतो, आणि बरंच करतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपची तेवढी खूण काढा, हायबरनेशन राहू द्या. पण विंडोज हायबरनेट करून लिनक्समध्ये जायचं नाही, हे पथ्य पाळा.

पाटीपेन्सिल
खूण काढली, पूर्ण शटडाउन केलं, लिनक्समध्ये येऊन सी ड्राइव्हवर एक रिकामी फाइल साठवली. साठली! आता मिंटमध्ये मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट शिकावं की फोनेटिक? टाइपरायटरची सवय हातातून जात नाही.

कर्नल_साहेब
त्यासाठी वेगळा धागा काढा. तिथं शंभर प्रतिसाद पडतील आणि एकमत होणार नाही.

वांगेभरीत
इथं तरी कुठं झालंय? सगळं एकात टाकलं असतं तर तीन आठवड्यांपूर्वीच फोनेटिकवर भांडत बसलो असतो.